खऱ्या-खोट्या शिकवणुकीची पारख

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने हा विषय आमच्या हाती दिला तेव्हा ट्रस्टमधील काही मंडळींना नवल वाटले. ख्रिस्ती मंडळीत खोटी शिकवण शिरली तर ती कशी ओळखावी आणि तिच्याशी कसे वागावे, हे सांगायला मुसलमान मास्तर कशाला हवा, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. येशू ख्रिस्त कोण होता, या मुळाच्या मुद्द्यावर आमच्या धर्माचा आणि ख्रिस्ती धर्माचा मतभेद आहे. तो आम्ही लपवीत नाही आणि येथे त्यावर वादही घालणार नाही. ख्रिस्ती मंडळीने आपल्याच घरातले खरे-खोटे कोणत्या मापाने मोजले, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे. शेजाऱ्याची तराजू न्याहाळताना आपल्या घरच्या वजनांची आठवण होते, हा एक फायदा. आणि आपल्या ट्रस्टमध्ये तिन्ही धर्मांची मराठी कुटुंबे असल्यामुळे एका घरी लागलेली आग दुसऱ्याच्या छपरावर यायला वेळ लागत नाही, हे दुसरे कारण.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याहून निराळे मत म्हणजे खोटी शिकवण नव्हे. हैदराबादेत रविवारी सकाळी फेरफटका मारला तर रोमन कॅथलिक, चर्च ऑफ साउथ इंडिया, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, मार थोमा अशा कितीतरी मंडळ्यांच्या घंटा ऐकू येतात. बाप्तिस्मा बालपणी द्यावा की जाणतेपणी, बिशप असावा की नसावा, याविषयी त्यांचे एकमत नाही. तरीही २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. पॉस्नेटसाहेबांनी उभारलेले आणि १९२४ च्या नाताळात प्रतिष्ठापना झालेले मेदकचे भव्य देऊळ आज त्याच मंडळीचे आहे. वर्षानुवर्षे एकमेकांहून भिन्न मते बाळगणाऱ्यांनी परस्परांना खोटे ठरविले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खोटी शिकवण हा जड शब्द आहे. श्रद्धेचा पायाच उखडणारी, किंवा देवाचे नाव पुढे करून माणसाच्या जिवाचा, पैशाचा, अब्रूचा घात करणारी जी शिकवण, तिच्याचसाठी तो राखून ठेवावा.

आता मापे पाहू. ती ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्रातच आहेत आणि वाटतात त्याहून कडक आहेत. अनुवाद या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात साधी कसोटी दिली आहे : संदेष्ट्याने देवाच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ते बोलणे देवाचे नव्हते. परंतु त्याच पुस्तकाचा १३ वा अध्याय एक पाऊल पुढे जातो. सांगितलेला चमत्कार खरोखर घडून आला, पण तो करणारा लोकांना देवापासून दूर नेत असेल, तरीही त्याचे ऐकू नये, असे तेथे बजावले आहे. चमत्कार हा खरेपणाचा दाखला नव्हे, हे इतक्या जुन्या काळी इतक्या स्पष्टपणे सांगितलेले पाहून आम्हांस आदर वाटला. आजच्या सभांत दाखल्याचे काम तर बहुतेक चमत्कारावरच भागविले जाते.

यिर्मयाच्या २८ व्या अध्यायातली कथा आम्ही वर्गातही सांगतो, कारण ती धर्माइतकीच मनुष्यस्वभावाची आहे. बाबेलच्या राजाचे जोखड मानेवर आलेले असताना हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून म्हणतो की, दोन वर्षांत हे जोखड मोडेल, लुटून नेलेली पात्रे परत येतील. यिर्मया लाकडी जू मानेवर घेऊन उभा आहे आणि त्याचे म्हणणे याच्या उलट. हनन्या ते जू काढून मोडून टाकतो. लोकांना कोणाचे बोलणे गोड वाटले असेल, हे सांगायला नको. पुढे खरा ठरला तो यिर्मया. ऐकणाऱ्याला जे हवे तेच देवाला हवे असल्याचे जो नेहमी सांगतो, त्याच्याविषयी शंका घ्यावी, एवढे या कथेतून निघते.

नव्या करारात मत्तयाच्या ७ व्या अध्यायात येशू मेंढराच्या वेषातल्या लांडग्यांपासून सावध करतो आणि झाड फळांवरून ओळखा म्हणतो. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावच्या लोकांची वाखाणणी आहे ती अशाकरिता की, पौलासारख्या प्रेषिताचे भाषण ऐकल्यावरही ते घरी जाऊन रोज शास्त्र उघडून पाहत, हे म्हणतो ते खरे आहे काय. पेत्राचे दुसरे पत्र खोट्या शिक्षकांच्या लोभावर बोट ठेवते. आणि ‘दिदाखे’ नावाचे एक अगदी आरंभीच्या मंडळीचे लहानसे पुस्तक आहे. ते शतकानुशतके हरवल्यासारखे होते आणि १८८३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे छापून प्रसिद्ध झाले. त्यातला नियम ऐकून कोणाही ट्रस्टच्या खजिनदाराला आनंद होईल. फिरता उपदेशक आला तर त्याचे स्वागत करा. पण तो एक दिवस, फार तर दोन दिवस राहावा. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही, किंवा निघताना भाकरीखेरीज पैसे मागितले, तर तो खोटा समजा.

पैशाचाच विषय निघाला म्हणून रोमच्या मंडळीची एक गोष्ट सांगतो. मार्सियन नावाच्या धनाढ्य जहाजमालकाने तिला दोन लाख सेस्टर्सची देणगी दिली होती. पुढे तो शिकवू लागला की, जुन्या करारातला देव निराळा आणि येशूचा देव निराळा. यहुद्यांचे ग्रंथ टाकून द्यावेत. इ. स. १४४ च्या सुमारास मंडळीने त्याच्याशी संबंध तोडला आणि, टर्टुलियनने लिहून ठेवल्याप्रमाणे, त्याची रक्कमही त्याला परत केली. मत नाकारले आणि देणगी ठेवून घेतली, असे केले नाही. देणगीदाराच्या तोंडाकडे पाहून बोलण्याची सवय सर्वच धर्मांच्या संस्थांना लागलेली असते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

याच शतकाच्या अखेरीस, इ. स. १८० च्या सुमारास, लिऑनचा बिशप आयरेनियस याने खोट्या मतांविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या काळी काही शिक्षक म्हणत की, येशूने खरे ज्ञान निवडक शिष्यांच्या कानात सांगितले आणि ते आमच्यापाशी आहे. आयरेनियसचे उत्तर असे की, प्रेषितांनी जे शिकविले ते उघड्यावर शिकविले. कोणत्या मंडळीत कोणामागून कोण आला याची परंपरा सांगता येते. तो स्वतः लहानपणी पॉलिकार्पचे बोलणे ऐकत असे आणि पॉलिकार्पने योहानाला पाहिले होते. हे वाचताना मुसलमान वाचकास हदीसच्या इस्नादची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने अमक्याकडून, ही साखळी तपासल्याशिवाय, आणि साखळीतला प्रत्येक माणूस सत्यवचनी व चांगल्या स्मरणशक्तीचा होता की नाही हे पाहिल्याशिवाय, आमचे मुहद्दिस पैगंबरसाहेबांच्या नावावरचे वचन स्वीकारीत नसत. गाण्यातली घराणी हेच करतात. उस्ताद कोण, हे सांगता आले पाहिजे. ‘मला एकट्यालाच रात्री दर्शन झाले’ म्हणणाऱ्याची साखळी एका कडीची असते.

धर्मसभांविषयी थोडक्यातच सांगतो. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे बिशपांची सभा भरली आणि एरियसचे मत, म्हणजे पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे हे मत, तिने नाकारले. परंतु तेवढ्याने प्रश्न मिटला नाही. पुढची पन्नासेक वर्षे सम्राट बदलला की वारा बदले. निकियाच्या बाजूने लढणाऱ्या अथनासियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. सत्तेचा हात धर्मनिर्णयात शिरला म्हणजे काय होते याचा हा पहिला धडा.

दुसरा धडा आपल्या कोकणपट्टीचा आहे आणि तो कडू आहे. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी जुने सण, जुने पदार्थ, जुन्या चालीरीती लपून पाळल्या तर त्यांची चौकशी होई. गार्सिया द ऑर्ता हा नामांकित वैद्य. हिंदुस्थानातील वनौषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला. तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत होता असे ठरवून १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. त्याच्या बहिणीला तर त्याआधीच जिवंत जाळले होते. आम्ही हे शेजाऱ्याचे उणे काढण्यासाठी लिहीत नाही. कुरआन निर्मित की अनिर्मित, या प्रश्नावर खलीफा मामूनने ८३३ मध्ये विद्वानांची सक्तीची परीक्षा सुरू केली, आणि इमाम अहमद बिन हंबल यांना त्याच्या वारसाच्या कारकिर्दीत फटके खावे लागले. चाबकाने कोणाचे मत खोटे ठरत नाही. चाबूक कोणाच्या हाती आहे तेवढे कळते.

मग मार्ग कोणता? याचे उत्तर शोधताना आम्ही पुन्हा पुन्हा एका मराठी बाईपाशी येऊन थांबतो. पंडिता रमाबाई, जन्म १८५८. कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिलेली ही विदुषी १८८३ मध्ये इंग्लंडात गेली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथील भगिनींच्या मठात लहानग्या मनोरमेसह तिने बाप्तिस्मा घेतला. नंतर चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात ती शिकू व शिकवू लागली. आणि तेथे तिने प्रश्न विचारण्यास सुरुवात केली.

प्रश्न लहान नव्हते. अथनासियसच्या नावाने चालत आलेला मतांगीकार, त्यातले त्रैक्याचे शब्द आणि ते न मानणाऱ्यांचा नाश होईल ही धमकी, तिला पटेना. शास्त्रात जे स्पष्ट दिसत नाही ते केवळ चर्चने ठरविले म्हणून मानावे काय, असे ती विचारी. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपली संस्कृत काय कमी पवित्र आहे, असेही तिने विचारले. पुरुष विद्यार्थ्यांना तिने शिकवू नये असा सल्ला हिंदुस्थानातल्या बिशपांनी दिला, तेव्हा स्वदेशी पुरुषांच्या भरसभांत भाषणे केलेल्या या बाईला तो मुळीच रुचला नाही.

तिच्या दोन गुरुभगिनींनी या प्रश्नांना दोन तऱ्हांनी तोंड दिले, आणि आम्ही पेशाने शिक्षक असल्यामुळे आमचे सगळे लक्ष येथे खिळून राहते. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाईंविषयी मनापासून माया होती. परंतु त्यांच्या मते नवख्या शिष्येने आधी आज्ञा पाळावी, समज मागून येईल. प्रश्नांत त्यांना अहंकार दिसे. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील याही तितक्याच श्रद्धाळू. पण त्यांनी ओळखले की, तत्त्वज्ञानात मुरलेली ही बुद्धी हुकमाने वळणार नाही. तिला कारणे दिली पाहिजेत, वेळ दिला पाहिजे. त्या तिला लांब लांब पत्रे लिहून मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देत. हा सारा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवला, आणि ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ज्या पत्रांत आपणांस खडे बोल सुनावले आहेत तीही त्या भगिनीने फाडून टाकली नाहीत, हा तिचा मोठेपणा. शिक्षकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा.

पुढे काय झाले? चर्चच्या रूढ मापाने पाहिले तर त्या वेळी रमाबाईंच्याच मतांत खोट होती. तिला बाहेर काढली असती तर ती कायमची दुरावली असती. तसे झाले नाही. १८८६ मध्ये ती अमेरिकेस गेली, १८८९ मध्ये मुंबईत तिने शारदा सदन काढले, आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, तिने स्वतःच १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनात सांगितल्याप्रमाणे, ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता हे तिच्या ध्यानी आले आणि तिची श्रद्धा नव्याने जागी झाली. ती कोणी लादली नव्हती. शंका विचारणारा आणि खोटे शिकविणारा यांत फरक करता आला पाहिजे, तो येथे दिसतो. पहिला उत्तर मागतो. दुसऱ्याला प्रश्नच नको असतात.

त्याच रमाबाईंवर १९०५ मध्ये परीक्षकाच्या खुर्चीत बसण्याची पाळी आली. केडगावच्या मुक्ती सदनात जूनच्या अखेरीस मुलींमध्ये मोठी धर्मजागृती झाली. शेकडो मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, थरथरू लागल्या. पुढे काहीजणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. इंग्रजी शिस्तीत वाढलेल्या पुष्कळ मिशनऱ्यांना हा भ्रम किंवा सैतानी प्रकार वाटला. रमाबाईंनी बंदी घातली नाही आणि डोळेही मिटले नाहीत. आपल्या लोकांची भावना व्यक्त करण्याची रीत वेगळी आहे, विलायती मापाने ती मोजू नये, असे त्यांचे म्हणणे. त्याचबरोबर आपल्या ‘मुक्ती प्रेयर बेल’ या पत्रिकेत त्यांनी स्पष्ट केले की, भाषांचे दान सर्वांनाच मिळते असे नाही. आत्म्याच्या कामाची मुख्य खूण म्हणजे प्रेम. म्हणजे पुन्हा झाड आणि फळे. आवाज किती झाला ते पाहू नये, नंतर ती मुलगी सोबतिणीशी कशी वागते ते पाहावे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण याच जातीचे. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, भजन-कीर्तनाची वाट धरली आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. मिशनऱ्यांना काळजी वाटली. टिळक १९१९ मध्ये वारले. आज त्यांची भजने मराठी उपासनेत सर्रास गायिली जातात. परका वेष दिसला की पाखंड समजण्याची घाई करू नये.

आता आपल्या गल्लीत येऊ. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला मधुमेह आहे. एका सभेत उपदेशकाने हात ठेवून तिला बरे झाल्याचे जाहीर केले आणि आता इन्सुलिन घेणे म्हणजे अविश्वास, असे सांगितले. बाईने ते बंद केले. पाचव्या दिवशी ती बेशुद्ध होऊन दवाखान्यात गेली. जीव वाचला, पण मुलीच्या परीक्षेच्या फीचे पैसे आधीच सभेच्या डब्यात गेले होते. आमच्या मोहल्ल्यात ताईत देऊन औषध सोडावयास लावणारे ‘बाबा’ही आम्ही पाहिले आहेत, तेव्हा हे एका धर्माचे दुखणे नाही. कायद्याला हा प्रकार ठाऊक आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ताईत, मंत्र, कवच यांनी मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग बरे होतात अशी जाहिरात करण्यास मनाई केली आहे.

देवाला जितके द्याल त्याच्या अनेक पटींनी पैसा, घर, आरोग्य मिळेल, ही शिकवण तर जगभर पसरली आहे. तिचा निषेध बाहेरच्यांनी करण्याआधी ख्रिस्ती लोकांनीच केला आहे. २०१० मध्ये केपटाउन येथे भरलेल्या लोझान चळवळीच्या जागतिक परिषदेच्या निवेदनात समृद्धीच्या या उपदेशावर उघड टीका आहे. टोकाचे उदाहरण केनियातले. २०२३ मध्ये शाकाहोला येथील रानात चारशेहून अधिक माणसांचे देह उकरून काढावे लागले. उपाशी राहिल्याने ख्रिस्ताची भेट होईल, या शिकवणुकीला बळी पडलेल्यांची ती प्रेते होती आणि त्यांत पुष्कळ मुले होती. चौकशीत पुढे आलेला क्रम ओळखीचा आहे : आधी शाळा सोडावयास लावली, मग दवाखाना, मग नातलग, शेवटी अन्न. पहिल्या पायरीलाच कोणी हात धरला असता तर!

घरातले कोणी अशा नादी लागले तर काय करावे, हे आम्हांस पालक नेहमी विचारतात. त्याच्या श्रद्धेची थट्टा करू नये; थट्टेने माणूस उपदेशकाच्या अधिक जवळ जातो. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात सांगितलेली रीत सर्वांनाच उपयोगी आहे : आधी एकट्याने, एकांतात बोलावे, न ऐकल्यास एक-दोघांना बरोबर न्यावे, मग मंडळीपुढे गोष्ट ठेवावी. कुटुंब ख्रिस्ती असेल तर त्यांच्या जुन्या मंडळीच्या पाळकाला किंवा धर्मगुरूला भेटवावे, कारण शास्त्राचे उत्तर शास्त्र जाणणाऱ्यानेच द्यावे; आमच्यासारख्याने दिले तर ते परधर्मीयाचे वैर वाटते. उपदेशक कोणाला जबाबदार आहे, त्याला दूर करण्याचा अधिकार कोणाला आहे आणि पैशाचा हिशेब कोण तपासतो, हे मात्र कोणीही विचारू शकतो. औषध, मुलांची शाळा आणि घराची कागदपत्रे यांवर तडजोड नको. प्रार्थना औषधासह चालू द्यावी. जिवाला धोका दिसला तर एकांत, साक्षीदार वगैरे क्रम बाजूला ठेवून तडक डॉक्टर व पोलीस.

दोन धर्मांतील माणसांना एकत्र बसून हे बोलावयाचे असेल तर आपल्या शहरात हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट आहे. १९३० मध्ये लाहोरला इस्लामच्या अभ्यासासाठी ख्रिस्ती लोकांनी काढलेली ही संस्था १९७१ पासून हैदराबादेत आहे, आणि तिने पुढे परस्परसमजाचे व सलोख्याचे काम हाती घेतले.

राहता राहिली बिरुयाकरांची गोष्ट, घरी जाऊन पुस्तक उघडून पाहण्याची. त्याला पुस्तक वाचता आले पाहिजे आणि कळलेही पाहिजे. त्या वेळच्या मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बाईला अवघड जाते, आणि त्यातले काही शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ घेऊन येतात, असे रमाबाईंना वाटे. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करावयास बसल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंचे निधन झाले तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. ते केडगावच्या त्यांच्याच छापखान्यात छापले गेले, आणि त्याचे खिळे जुळविण्याचे काम तेथल्या स्त्रियांनी केले.